बंदीचे दिवस आणि आपले प्रेशर

1 जूनला बंदी लागली की ट्रॉलर जेटीला येतात, इंजिन खोलले जाते, जाळी दुरुस्त होतात. आपल्या छातीतला पंप मात्र कोणी बघत नाही. तो दिवसाला साधारण 1 लाख वेळा धडधडतो, मिनिटाला 5 लिटरच्या आसपास रक्त ढकलतो. त्याला बंदीची सुट्टी नाही.

हे रक्त नळ्यांच्या भिंतीवर जो दाब टाकते तेच प्रेशर. वरचा आकडा हृदय आवळते तेव्हाचा, खालचा ते सैल पडते तेव्हाचा. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी मोजूनही 140/90 किंवा त्याच्या वर येत असेल, तर औषध लागेल का ते डॉक्टरांना विचारा. "माझे डोके दुखत नाही, मला कसले प्रेशर?" असे म्हणू नका. बहुतेकांना काहीच जाणवत नाही. आत मात्र नळ्या कडक होत जातात, आणि मग एकदम अटॅक, लकवा नाहीतर किडनी.

आमच्यातल्या एका तांडेलाचे असेच झाले. घरी असताना गोळी, समुद्रावर बंद. कारण साधे: त्यात लघवीची गोळी होती, आणि ट्रॉलरवर त्याची सोय कशी असते ते आपल्याला माहीत आहे. लाज वाटून डॉक्टरांना सांगितले नाही. एका फेरीत चक्कर येऊन पडले, परत आणले तेव्हा वरचा आकडा 200 च्या पुढे. नंतर डॉक्टरांना खरे सांगितले, तर त्यांनी गोळीच बदलून दिली. एवढेच करायचे होते! गोळी मनाने बंद करू नका. काही गोळ्या एकदम सोडल्या तर दाब उसळतो.

आता खाण्याचे. पावसात ताजी मासळी कमी, म्हणून खारे बांगडे, सुंगटाची किसमूर, वर लोणचे आणि पापड. पेज त्याशिवाय जात नाही, हे मान्य. पण मीठ शरीरात पाणी धरून ठेवते, रक्ताचे प्रमाण वाढते आणि दाब चढतो. मोठ्या माणसाला दिवसभरात सगळे मिळून 5 ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमच्याला थोडे कमीच, मीठ पुरे. खारे मासे भिजत घाला, पाणी एक-दोनदा बदला, आणि त्या दिवशी लोणचे ताटात नको. बाजारात दिवसभर बसणाऱ्या आमच्या बहिणींनाही हेच लागू.

मोजायला जाताना अर्धा तास आधी चहा, विडी, तंबाखू नको. पाच मिनिटे पाठ टेकून गप्प बसा, मग पट्टा बांधू द्या.

छातीत दडपण, हात किंवा जबडा दुखणे, थंड घाम, दम लागणे यातले काही झाले तर गॅस समजून सोडा पीत बसू नका. जमिनीवर असाल तर 108. समुद्रावर वायरलेसचा 16 नंबर चॅनल, रेंज असेल तर तटरक्षक दलाचा 1554, आणि होडी लगेच किनाऱ्याकडे.

त्या तांडेलाच्या गोळ्या आता वायरलेस सेटच्या बाजूला, झाकणाच्या डब्यात असतात. सकाळी सेट चालू केला की पहिली गोळी.