कंबरदुखीची चिठ्ठी लोणारहून कुठे जाते

दुखणं तीन महिन्यांच्या पुढे टिकलं की वैद्यकशास्त्र त्याला दीर्घकालीन म्हणतं. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने आजारांचं नवं वर्गीकरण स्वीकारलं, २०२२ पासून ते लागू झालं, आणि त्यात अशा दुखण्याला पहिल्यांदा स्वतःचं घर मिळालं. ते दुसऱ्या एखाद्या आजारातून आलेलं असेल, पण स्वतःही एक आजार असू शकतं, हे त्यात मान्य झालं. लोणार तालुक्यात निंदणाला, कापूस वेचायला, सोयाबीन सोंगायला जाणाऱ्या बायांना हे फार आधीपासून ठाऊक होतं. त्यांची कंबर हंगामात दुखते, हंगाम सरला की बरी होते, आणि एखाद्या वर्षी बरी होतच नाही. त्या वर्षी डॉक्टरांनी त्या बाईला पाठवायचं कुणाकडे? गेल्या तीन-चार दशकांकडे मला या एकाच प्रश्नातून पाहायचं आहे.

सरकारी दवाखान्याचा रस्ता ठरलेला आहे. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, लोणारचं ग्रामीण रुग्णालय, तिथून नव्वद-शंभर किलोमीटरवरचं बुलढाण्याचं जिल्हा रुग्णालय. त्यापुढे अकोल्याचं वैद्यकीय महाविद्यालय, पण ते २००२ मध्ये सुरू झालं. त्याआधी मोठा दवाखाना म्हणजे संभाजीनगरची, तेव्हाच्या औरंगाबादची घाटी. लोणारला रेल्वे नाही, जे काही आहे ते एसटीवर. या रस्त्यावर कंबरदुखीची चिठ्ठी बहुधा हाडांच्या डॉक्टरांच्या नावाने निघते. ते एक्स-रे बघतात, मणक्यात गॅप आहे म्हणतात, पट्टा आणि गोळ्या देतात. यात त्यांची चूक नाही. त्यांच्याकडे हाडाचा प्रश्न पाठवला होता, त्यांनी हाडाचं उत्तर दिलं. तिची झोप उडाली आहे, वाकायचीच भीती बसली आहे, रोजी बुडते म्हणून घरात कुरबुर आहे, हे त्या चिठ्ठीत कुठेच नव्हतं.

एका डॉक्टरला हे झेपत नाही, हे ओळखणारा माणूस भूलतज्ज्ञ होता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करी रुग्णालयात जखमी सैनिकांचं दुखणं सांभाळताना जॉन बोनिका अडले, आणि त्यांनी मेंदूचे, हाडांचे, मनाचे डॉक्टर एकत्र बसवून एकेका रुग्णावर बोलायला सुरुवात केली. ते स्वतः व्यावसायिक कुस्तीगीर होते आणि कुस्तीतल्या दुखापतींचा ठणका त्यांनी आयुष्यभर सोसला. १९५३ मध्ये त्यांचा वेदनोपचारावरचा ग्रंथ आला, १९६०च्या सुमारास सिएटलच्या विद्यापीठात अनेक शाखांचा मिळून एक वेदना दवाखाना उभा राहिला. भारतात वेदनेच्या अभ्यासाची राष्ट्रीय संघटना १९८४ मध्ये स्थापन झाली.

आपल्याकडे मात्र हा विचार आला तो कर्करोगाच्या वाटेने. १९८६ मध्ये मुंबईत शांती अवेदना सदन सुरू झालं, शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांना सांभाळणारं देशातलं पहिलं हॉस्पिस. त्याच्या आदल्याच वर्षी अमली पदार्थांचा कायदा झाला होता. त्याच्या धाकाने अनेक रुग्णालयांनी तीव्र वेदना शमवणारं मॉर्फिन ठेवणंच सोडलं, आणि १९८५ ते १९९७ या काळात देशातला त्याचा वैद्यकीय वापर ९० टक्क्यांहून अधिक घटला. ती गाठ सुटायला २०१४ची दुरुस्ती यावी लागली. दरम्यान २०१२ मध्ये परिहार सेवेचा (पॅलिएटिव्ह केअरचा) राष्ट्रीय कार्यक्रम आला, २०१८ नंतर गावपातळीवरच्या आरोग्य केंद्रांच्या कामातही ही सेवा जोडली गेली. हे सगळं हवंच होतं. पण डॉक्टर, परिचारिका, समुपदेशक मिळून एका दुखण्याकडे बघतात हे आपल्या यंत्रणेने मरणाच्या उंबरठ्यावरच्या माणसासाठी शिकून घेतलं. ज्याला उद्या पुन्हा वावरात जायचं आहे, त्याच्यासाठी शिकायचं राहून गेलं, ही माझी तक्रार आहे.

खेड्यात दुखणं किती आहे हे कुणी मोजलंच नव्हतं असंही नाही. १९९६ मध्ये पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यातल्या भिगवणला घरोघर जाऊन पाहणी केली. चार हजारांवर प्रौढांमध्ये शंभरातल्या अठरा जणांना सांध्यांचं, स्नायूंचं, पाठीचं दुखणं निघालं, आणि नेमका संधिवात असलेले त्यात थोडेच होते. पुढे गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने गावोगाव हाच प्रश्न विचारला. मुंबईचे डॉ. शेखर भोजराज यांच्या स्पाइन फाउंडेशनचे सर्जन तिथे पोहोचले, पण शस्त्रक्रिया लागणारे मोजकेच आणि व्यायाम, समजूत, गावातला आधार लागणारे फार, हे तिथल्या कामातून दिसलं. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ने कंबरदुखीवर जी लेखमाला छापली, तिचा सूरही हाच होता: एक्स-रेसारखे फोटो कमी काढा, सुया-शस्त्रक्रिया कमी करा, माणसाला हलतं ठेवा.

आणि जिथे हे झालं नाही, तिथे काय झालं? २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर बायांची पाहणी झाली. सुमारे ८२ हजार बायांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. ओटीपोटात दुखतं, अंगावरून जातं, अशा तक्रारी घेऊन त्या गेल्या होत्या. आधी घेतलेल्या उचलीचा आणि खाड्याच्या दंडाचा धाक होता, काही ठिकाणी सरळ लुबाडणूक होती. पण दुखणं घेऊन आलेल्या बाईचं सगळं ऐकून घेईल अशी एक खोली त्या रस्त्यावर कुठेच नव्हती, हेही तितकंच खरं. अवयव काढून दुखणं जाईल ही आशा तिला विकली गेली. बीडची ही आकडेवारी वाचताना लोणार-सिंदखेडराजाकडच्या माणसाने ते दूरचं समजू नये, तशी खोली इथल्या रस्त्यावरही नाही.

दुखणं दाबणाऱ्या गोळ्यांचीही किंमत आहे. बुलढाणा जिल्ह्याच्याच उत्तरेला, संग्रामपूर-जळगाव जामोदच्या खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाच्या आजाराने घरं पोखरली आहेत. तिथल्या माणसाने दुकानातून आणून महिनोन्‌महिने डायक्लोफेनॅक खाणं म्हणजे आधीच थकलेल्या किडनीवर आणखी ओझं.

मनाचा भाग शासनाने वेगळ्या दाराने आणला. २०१५ मध्ये शेतकरी आत्महत्या होणाऱ्या चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू झाला, त्यात बुलढाणा आहे. आशाताई घरी जाऊन विचारतात, समुपदेशकाकडे पाठवतात. चांगली योजना आहे. पण उदास माणूस एका रजिस्टरमध्ये आणि त्याचीच दुखरी पाठ दुसऱ्या केस पेपरवर, असं किती दिवस चालणार? वर्षानुवर्षं दुखणाऱ्या माणसात या दोन गोष्टी एकमेकींना वाढवतात.

रस्ता तेवढा सुधारला. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत, मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केस पेपरचे पैसेही लागत नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यात बुलढाणा, वाशीम आणि जालना तिन्ही आहेत, म्हणजे लोणारच्या तीन बाजूंना. वैद्यकीय महाविद्यालय म्हटलं की भूलशास्त्र, अस्थिरोग, मनोविकार हे विभाग लागतातच. त्यांनी आठवड्यातला एक वार ठरवून, फिजिओथेरपिस्टला सोबत घेऊन एका खोलीत वेदना दवाखाना भरवायचा, एवढंच उरतं. त्यासाठी नवी इमारत लागत नाही.

आणि चिठ्ठी बदलायला हवी. आधी धोक्याच्या खुणा वेगळ्या काढायच्या: लघवी-शौचावरचा ताबा गेला, पायातली ताकद उतरली, ताप येतो, वजन घटतं. तिथे वेदना दवाखान्याची वाट बघायची नाही, त्याच दिवशी पुढे पाठवायचं. मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे दुर्मीळ नाही. बाकीच्यांसाठी, तीन महिने झाले आणि काम सुटायला लागलं की पाठवायचं, सगळे उपाय थकल्यावर नाही. किती दिवसांपासून दुखतं, कुठल्या गोळ्या किती काळ खाल्ल्या, झोप कशी, कुठलं काम सुटलं, तिला पुन्हा काय करता यायला हवं आहे, हे चिठ्ठीत लिहायचं. ‘दुखणं नाहीसं होईल’ असं सांगून पाठवायचं नाही. ‘चार जण मिळून बघतील, दुखणं आटोक्यात राहील, कामाला लागता येईल, आणि औषधं-व्यायाम इथेच चालू राहतील’ असं सांगून पाठवायचं. तिकडून परतीची चिठ्ठी यायला हवी, गावातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या नावाने, कोणते व्यायाम, कोणती गोळी कधी बंद, पुढची भेट प्रत्यक्ष की ई-संजीवनीवर ऑनलाइन, हे सांगणारी. निंदणाच्या दिवसांत तारीख देऊ नये, कारण त्या तारखेला ती येणार नाही.