नवजात बाळाची पहिली अंघोळ

अंधेरी, घाटकोपर, मुलुंड वा बोरिवली येथील रुग्णालयातून बाळ-बाळंतीण घरी येताच न्हाऊ घालणाऱ्या बाईंना निरोप जातो. त्या पाटावर पाय पसरून बसतात, बाळाला नडग्यांवर पालथे घेतात, तेल चोळून कोमट पाणी घालतात आणि शेवटी ओव्याची धुरी देतात. मात्र ही अंघोळ केव्हा सुरू करावी, याचे उत्तर बाळाच्या शरीरधर्मात आहे. गर्भाशयातील ऊब सोडून आलेल्या बाळाच्या ओल्या, पातळ त्वचेतून उष्णता झपाट्याने निघून जाते आणि तापमान ३६.५ अंश सेल्सिअसच्या खाली उतरल्यास ते मलूल होऊन अंगावर नीट पीत नाही. शिवाय जन्मतः अंगावर असणारा पांढरा, चिकट थर, ज्याला व्हर्निक्स म्हणतात, त्वचेचा ओलावा राखतो व जंतूंपासून संरक्षण देतो, म्हणून तो घासून काढू नये.

यास्तव जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या शिफारशींनुसार पहिली अंघोळ जन्मानंतर किमान २४ तासांनी घालावी. ते शक्य नसल्यास निदान सहा तास थांबावे. तोवर बाळाला कोरड्या कापडाने टिपून आईच्या उघड्या छातीशी धरावे. कमी वजनाच्या वा अपुऱ्या दिवसांच्या बाळाला डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय न्हाऊ घालू नये. पुढेही पंखा बंद ठेवून अंघोळ थोडक्यात उरकावी, नाळेवर हळद वा तेल न लावता ती कोरडी ठेवावी आणि श्वासाला त्रासदायक ठरणारी धुरी टाळावी.