विश्लेषण : चिंटू मोठा झाला, तर आईबाबांशी काय बोलेल?

वर्तमानपत्रातल्या कौटुंबिक चित्रमालिकेतलं घर आठवून पाहा. आई स्वयंपाकघरात, बाबा पेपरात डोकं खुपसून बसलेले आणि मुलगा शेजाऱ्यांची काच फोडून घरात शिरलेला. मुलाचं वय आठ-दहा, फार तर बारा. वाशिम, रिसोड किंवा कारंजात सकाळी मोबाइलवर ई-पेपर उघडणाऱ्या अनेक आईवडिलांच्या घरात मात्र त्या वयाचं आता कुणीच नाही. मुलगा पुण्याला नोकरीला, मुलगी लग्न होऊन नागपूरला. बोलणं होतं ते रात्री, जेवणं उरकल्यावर, फोनवर. मोठ्या झालेल्या मुलांचं आणि आईवडिलांचं हे नातं चित्रमालिकांमध्ये कसं येतं, आणि येतं तेव्हा कोणाच्या बाजूने येतं?

चिंटू मोठा का होत नाही?

चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये सुरू झाला. पप्पू, मिनी, बगळ्या, राजू ही त्याची मंडळी मराठी घरांत इतकी रुळली की २०१२ मध्ये श्रीरंग गोडबोले यांनी त्यावर चित्रपट काढला. पहिल्या वर्षी चिंटू वाचणारं आठ वर्षांचं पोर आज चाळिशी ओलांडून गेलंय. चिंटू अजून शाळेतच आहे.

हा आळस नाही, या कलाप्रकाराची ती सोय आहे. तीन-चार चौकटींत विनोद घडवायचा तर वाचकाला माणसं आधीपासून ठाऊक असावी लागतात. आज मुलगा तिसरीत, पुढच्या वर्षी चौथीत, मग दहावीचा निकाल असं सुरू झालं, की रोज नवी ओळख करून द्यावी लागते. शिवाय लहान मुलाने मोठ्यांची फिरकी घेतली की सगळं घर हसतं. तेच वाक्य तीस वर्षांच्या मुलाने वडिलांना ऐकवलं तर त्याला उर्मटपणा म्हणतात.

जपानमध्ये माचिको हासेगावा यांनी १९४६ मध्ये सुरू केलेली ‘साझाए-सान’ या बाबतीत थोडी वेगळी. तिची नायिका लग्न झालेली, एका मुलाची आई. पण नवऱ्यासह राहते माहेरी, आपल्या आईवडिलांच्या घरात. आपल्याकडे ज्याला घरजावई म्हणून टोमणे बसले असते, तो मासुओ तिथे सासऱ्यांसोबत निवांत नांदतो. मालिका १९७४ पर्यंत चालली, दूरचित्रवाणीवर तर १९६९ पासून आजतागायत सुरू आहे. पण इथेही वयं गोठलेली. माहेरी राहणाऱ्या या मुलीचे आईवडील कधी थकत नाहीत, त्यामुळे त्यांना कोण बघणार हा प्रश्नच उठत नाही.

मग मुलं मोठी झालेली मालिका आहे का?

आहे, आणि वाद झाला तो तिच्यावरच. कॅनडाच्या लिन जॉन्स्टन यांची ‘फॉर बेटर ऑर फॉर वर्स’ सप्टेंबर १९७९ मध्ये सुरू झाली. एली, तिचा दंतवैद्य नवरा जॉन आणि मुलं मायकेल व एलिझाबेथ. १९९१ मध्ये तिसरी, एप्रिल, जन्मली. खऱ्या जगात एक वर्ष गेलं की मालिकेतही माणसं साधारण एक वर्षाने वाढत. मुलं शाळेतून कॉलेजात गेली, नोकरीला लागली, लग्नं झाली. आजोबा थकले, त्यांना पक्षाघात झाला. दोन हजारांहून अधिक वृत्तपत्रांत ती छापून येत होती. व्यंगचित्रकारांमध्ये मानाचा समजला जाणारा ‘रूबेन’ पुरस्कार १९८५ मध्ये जॉन्स्टन यांना मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

तीस वर्षं एकच घर डोळ्यांसमोर वाढत गेलं, तेव्हा वाचक त्या घरातल्या निर्णयांवर नातेवाइकांसारखेच बोलू लागले.

आक्षेप नेमका कशावर?

मुख्यतः एलिझाबेथवर. ती शिकून शिक्षिका होते, आईवडिलांपासून खूप दूर, उत्तरेकडच्या एका आदिवासी वस्तीतल्या शाळेत शिकवायला जाते. तिथे रमते, लोक तिला आपलं मानतात. मग मालिका शेवटाकडे सरकू लागते आणि एलिझाबेथ परत येते. नोकरी आईवडिलांच्या गावात आणि लग्नही गावातल्याच जुन्या मित्राशी. घटस्फोट झालेला, एका लहान मुलीचा बाप असलेला हा अँथनी तिच्या आईवडिलांना पूर्वीपासून पसंत होता. थोरला मायकेल लेखक होतो आणि शेवटी आईवडिलांचंच घर विकत घेऊन तिथे राहायला येतो. म्हणजे लांब गेलेली पाखरं एकामागून एक घरट्यापाशी परतली, आणि मालिकेने याला ‘सगळं मार्गी लागलं’ म्हटलं.

टीका करणाऱ्या वाचकांचं म्हणणं एवढंच होतं की हा शेवट मुलांचा नाही, आईच्या इच्छेचा आहे. मुलांनी घेतलेला निर्णय आईवडिलांच्या मनासारखा असेल तर तो समंजसपणा, नसेल तर ते एक वळण, ज्यावरून पुढे माघारी यायचंच. या टीकेत तथ्य आहे. एलिझाबेथ परत आली म्हणून कथा बिघडली नाही; मुली परत येतात, आणि स्वखुशीनेही येतात. अडचण ही की तिच्या जाण्याची किंमत आईने काय मोजली ते मालिकेत पानोपानी दिसतं, पण परत येण्याची किंमत एलिझाबेथने काय मोजली ते जेमतेम दिसतं.

हे ओळखायची एक सोपी खूण आहे. चित्रमालिकेत शेवटच्या चौकटीत कोण बोलतं ते पाहावं. चिंटूसारख्या मालिकेत बहुतेक वेळा शेवटचा शब्द पोराचा, म्हणून आईबाबा हरूनही गोड वाटतात. मुलं मोठी झाली की शेवटची चौकट हळूहळू आईकडे सरकते. ती खिडकीपाशी उभी राहून सुस्कारा टाकते आणि वाचकाचा निकाल तिथेच लागून जातो.

याच मालिकेने उलटंही करून दाखवलं होतं. १९९३ च्या मार्च-एप्रिलमध्ये मायकेलचा मित्र लॉरेन्स आपण समलिंगी असल्याचं घरी सांगतो. आईला आधी ते खरंच वाटत नाही, सावत्र वडील त्याला घराबाहेर काढतात. नंतर शोधाशोध होते, तो घरी येतो आणि आईवडील अवघडत, कुरकुरत का होईना, त्याला स्वीकारतात. काही वृत्तपत्रांनी हे भाग छापले नाहीत, काहींनी मालिकाच बंद केली. पण पुढच्याच वर्षी जॉन्स्टन यांचं नाव पुलित्झर पुरस्काराच्या अंतिम यादीत होतं. या भागांत चूक आईवडिलांची होती, आणि मालिकेने ती झाकली नाही. ज्या चित्रकर्तीला लॉरेन्सच्या बाबतीत हे जमलं, तिला एलिझाबेथच्या बाबतीत का जमलं नसावं? लॉरेन्स शेजारचा होता, एलिझाबेथ घरातली. कारण बहुधा एवढंच.

३१ ऑगस्ट २००८ ला कथा संपली. दुसऱ्या दिवसापासून जॉन्स्टन यांनी मालिका पुन्हा पहिल्यापासून, काही ठिकाणी नव्याने रेखाटून, द्यायला सुरुवात केली. मायकेल आणि एलिझाबेथ परत लहान झाले.

मराठीत मोठी मुलं कुठे भेटतात?

चित्रमालिकेपेक्षा रंगभूमीवर जास्त. १९७० चं ‘नटसम्राट’ आणि त्याच दशकातलं जयवंत दळवींचं ‘संध्याछाया’ ही नाटकं या विषयाची दोन मोठी नावं. एकात सगळी मिळकत मुलांना देऊन रस्त्यावर आलेला बाप, दुसऱ्यात मुलांची वाट पाहणारं म्हातारं जोडपं. दोन्ही थोर, आणि दोन्हींत प्रेक्षकाची सहानुभूती आईवडिलांकडे. दिवाळी अंकांतल्या हास्यचित्रांत मोठा मुलगा दिसतो तो आई आणि बायको यांच्यामध्ये उभा, बहुधा मुका. वर्तमानपत्राच्या वधू-वर स्तंभातही मुलाची उंची, पगार आणि ‘निर्व्यसनी’ हा शब्द आईवडीलच लिहितात.

याला एक व्यावहारिक कारणही आहे. घरी येणाऱ्या पेपरचं बिल वर्षानुवर्षं वडील देत आले. कौटुंबिक दैनिकाला आजोबांपासून नातवापर्यंत कुणालाच दुखवायचं नसतं आणि नाराजीचं पत्र लिहिण्याची सवय जुन्या पिढीलाच जास्त. मोबाइलने यात थोडा फरक केलाय. ई-पेपरमधलं चित्र कापून कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकता येतं. वडिलांनी ‘वाचा’ एवढंच लिहून पाठवलेलं कात्रण म्हणजे टोमणाच असतो, आणि पुण्याहून आलेला अंगठा म्हणजे त्याचं उत्तर. त्यामुळे शेवटची चौकट कोणाची, हा प्रश्न आता थेट घरात येऊन पडतो.

वाशिममधली चौकट कशी असेल?

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ११ लाख ९७ हजार, त्यात पाचांपैकी चारांहून अधिक माणसं खेड्यांत. २०१८ मध्ये केंद्राने देशातल्या ‘आकांक्षित’, म्हणजे मागे राहिलेल्या जिल्ह्यांच्या यादीत त्याला घेतलं. शेती मुख्यतः सोयाबीन आणि तुरीची. शिकलेलं पोर रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला निघतं, ते बहुतेक वेळा आईवडिलांनीच पाठवलेलं असतं. इथे ‘मुलगा सोडून गेला’ हे वाक्य अर्धंच खरं. जाऊ द्यायचं म्हणून पैसे जमवले जातात, आणि गेल्यावर तो नाही म्हणून घर सुनंही वाटतं.

समजा, यावर चार चौकटी काढल्या. पहिलीत मालेगाव तालुक्यातली आई फोनवर विचारते, “जेवला काय?” मुलगा म्हणतो, “हो, कवाचाच.” चित्रात त्याच्यासमोर बिस्किटाचा पुडा. दुसरीत तो विचारतो, “सोयाबीन कसं हाय?” मागून वडील सांगतात, “मस्त हाय, तू काळजी नको करू.” चित्रात भिजलेली गंजी आणि तिच्यावर फाटकी ताडपत्री. तिसरीत मुलगा, “मी येऊ का दोन दिवस?” आई, “कायले येतं? सुट्टी वाया जाईन.”

नाटकात किंवा मालिकेत एका वेळी एकाचंच खोटं दाखवता येतं, दुसऱ्याचं पुढच्या प्रवेशात. चित्रमालिकेत बोलणं फुग्यात आणि खरं चित्रात, त्यामुळे दोन्हीकडची थाप एकाच ओळीत, शेजारीशेजारी दिसते. दोघंही एकमेकांना जपण्यासाठी खोटं बोलताहेत, हे वाचकाला कळतं. त्या दोघांना कळत नाही.

राहिली चौथी चौकट. तिथे आई डोळे पुसताना काढली, तर कात्रण वडिलांच्या बाजूने ग्रुपवर फिरेल. मुलाला चुरचुरीत वाक्य दिलं, तर ते तरुणांच्या स्टेटसवर दिसेल. तिसराही मार्ग आहे. फोन ठेवून वडील अंधारात ताडपत्रीच्या कोपऱ्यावर दगड ठेवताहेत, आणि तिकडे मुलगा मोबाइलवर वाशिमचं हवामान बघतोय. फुगा कोणाच्याच तोंडी नाही.