एकेक डबा बदलताना : सेंद्रिय अन्नाकडे कुटुंबाची वाटचाल

जैन घरातील स्वयंपाकघराला शिस्तीची मोठी परंपरा आहे. पाणी गाळल्यावाचून वापरायचे नाही, गाळण्यात उरलेली जिवाणी हलक्या हाताने मूळ पाण्यात सोडायची, धान्य निवडूनच दळायला द्यायचे, कंदमुळांना घरात थारा द्यायचा नाही आणि सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपायचे. आपल्या एका घासासाठी किती जीवांना पीडा झाली, हा प्रश्न या सर्व दक्षतेच्या मुळाशी असतो.

हाच प्रश्न उंबरठ्याबाहेर नेला की मन थोडे अस्वस्थ होते. ताटातल्या वरणाची तूर स्वच्छ दिसते, कारण फुलोऱ्यापासून शेंगा भरेपर्यंत शेंगा पोखरणाऱ्या अळीवर औषध मारलेले असते. भेंडी कोवळी आणि बिनडागाची मिळते, कारण तिच्यावर वारंवार फवारणी झालेली असते. गोदामातील गव्हात सोंडे नसतात, कारण थप्पीवर ताडपत्री टाकून विषारी वायूची धुरी दिलेली असते. शेतकऱ्याच्या बोलण्यात कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतात. कीटकाच्या दृष्टीने ते विषच आहे.

बावीस अभक्ष्यांच्या परंपरागत यादीत ‘विष’ हा स्वतंत्र शब्द आहे. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत ‘विषवाणिज्य’, म्हणजे विषाचा व्यापार, आहे. पूर्वसूरींनी विष दोन ठिकाणी वर्ज्य ठरवले, स्वयंपाकघरात आणि दुकानात. व्यापारी कुटुंबाला सेंद्रिय अन्नाचा विचार करताना ही दोन्ही ठिकाणे एकत्र पाहावी लागतात.

प्रश्न केवळ आपल्या आरोग्याचा नाही

सेंद्रिय अन्नाची चर्चा बहुधा आरोग्यापासून सुरू होते आणि तेथेच संपते. त्यात तथ्य आहे. सेंद्रिय पिकात कीटकनाशकांचे उर्वरित अंश सामान्यतः कमी आढळतात, आणि वाढत्या वयाची मुले व गर्भवती स्त्रिया यांच्या बाबतीत ही गोष्ट महत्त्वाची आहे. मात्र सेंद्रिय अन्न खाल्ले म्हणजे जुने आजार बरे होतील, असा दावा कोणी करू लागल्यास त्यावर विश्वास ठेवू नये.

आरोग्याचा पहिला हक्क फवारणी करणाऱ्याचा आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक माणसे दगावली. केरळमधील कासरगोड परिसरात काजूच्या बागांवर वर्षानुवर्षे हवाई फवारणी झालेल्या एंडोसल्फानवर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. तोवर तेथील अनेक कुटुंबांनी त्याचे परिणाम भोगले होते. युरोपला निर्यात होणाऱ्या महाराष्ट्रातील द्राक्षांची उर्वरित अंशांसाठी प्रयोगशाळेत तपासणी होते आणि मर्यादा ओलांडलेला माल तिकडे जाऊ शकत नाही. परदेशी ग्राहकासाठी जी काळजी घेतली जाते, ती आपल्या घरातील नातवंडांसाठीही घ्यावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

सावकाशच का?

पर्युषणातील एखादे व्याख्यान ऐकून घरातील सर्व किराणा एका दिवसात बदलणारी कुटुंबे बहुधा दिवाळीपर्यंत जुन्या वाटेवर परत येतात. महिन्याचा खर्च एकदम वाढतो. मुलांना काळसर गुळाचा चहा रुचत नाही. भाजीवाला ठरलेल्या दिवशी येत नाही. तिसऱ्या आठवड्यात डाळीच्या डब्यात किडे दिसतात आणि सासूबाई म्हणतात, “जीवदयेसाठी आणलेल्या धान्यात जीवच पडले, आता काय करायचे?” त्यांचा प्रश्न रास्त असतो आणि त्याला उत्तर द्यावे लागते.

शेत तरी कोठे एका दिवसात बदलते? राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाच्या नियमांनुसार हंगामी पिकांच्या शेताला सेंद्रिय म्हणून मान्यता मिळण्यापूर्वी किमान दोन वर्षांचा आणि बहुवार्षिक फळबागांना तीन वर्षांचा संक्रमणकाळ पाळावा लागतो. या काळात शेतकऱ्याचे उत्पादन बहुधा घटते आणि सेंद्रिय मालाचा भावही मिळत नाही. शेताला दोन-तीन वर्षे लागतात, तर स्वयंपाकघराने एक वर्ष घेतल्यास काही बिघडत नाही.

पहिली तिमाही : धान्य आणि डाळी

प्रारंभ नेहमी रोज आणि सर्वांत जास्त खाल्ल्या जाणाऱ्या वस्तूंपासून करावा. पालेभाजी चातुर्मासात अनेक घरांतून वर्ज्य होते, पण पोळी, भाकरी आणि वरण बाराही महिने असतात.

सर्वांत सोपी सुरुवात ज्वारीची आहे. सोलापूर-मंगळवेढ्याच्या काळ्या जमिनीत रब्बीची मालदांडी ज्वारी मुरलेल्या ओलाव्यावर वाढते. तिला रासायनिक खते-औषधे मुळातच कमी लागतात. बाजरी आणि नाचणी यांचेही तसेच. गव्हात खपली हा तांबेरा रोगाला तोंड देणारा जुना वाण सांगली-सातारा भागात आजही पिकतो. त्यानंतर तूर, मूग आणि हरभरा. यात तूर व हरभरा ही फवारणी अधिक होणारी पिके असल्याने येथे केलेल्या बदलाचा उपयोग मोठा असतो.

खर्चाचा हिशेब व्यापारी घराला नवा नाही. समजा, पाच माणसांच्या घरात महिन्याला वीस किलो धान्य आणि पाच किलो डाळी लागतात. सेंद्रिय धान्याला किलोमागे २५ रुपये आणि डाळीला ६० रुपये जास्त पडले, तर महिन्याचा वाढीव खर्च ५०० अधिक ३००, म्हणजे ८०० रुपये होतो. बाहेरून मागवलेल्या फरसाणाचा वा हॉटेलातील एका जेवणाचा खर्च त्याशेजारी मांडला की निर्णय सोपा होतो. ज्या घराला एवढाही भार जड असेल, त्याने केवळ डाळींपासून आरंभ करावा.

दुसरी तिमाही : गूळ, तेल, मसाले

गुळाचा पिवळाधमक रंग पुष्कळदा हायड्रॉस पावडरीचा असतो. कोल्हापूर भागातील जुन्या गुऱ्हाळांत रसातील मळी काढण्यासाठी भेंडीच्या झाडाचा चिकट रस वापरत. रसायनाविना केलेला गूळ तांबूस-काळसर आणि किंचित खारट चवीचा असतो. तो प्रथम लाडू, चिक्की आणि पुरणात वापरावा, चहात शेवटी. मुलांची जीभ अशा क्रमाने सहज रुळते.

हळद हळकुंडाच्या रूपात घेऊन दळावी. ओली हळद आणि आले वर्ज्य असलेल्या घरांत सुकी हळद व सुंठच वापरात असल्याने ही सवय जुनीच आहे. मिरची हे भरपूर फवारणीचे पीक असल्यामुळे वर्षाचे तिखट एकदा सेंद्रिय मिरचीचे करून ठेवले तर वर्षभराची चिंता मिटते.

तिसरी तिमाही : भाजी आणि फळे

हा सर्वांत अवघड टप्पा आहे, कारण माल नाशवंत आणि पुरवठा अनियमित. येथे दहा-पंधरा घरांनी एकत्र येऊन एखाद्या शेतकऱ्याशी आठवड्यातून दोनदा भाजीचे ठरवावे. शेतात जे निघेल ते घ्यायचे, ही अट मान्य करावी लागते. डिसेंबरात भेंडीचा आणि मे महिन्यात मटाराचा हट्ट सोडावा लागतो. ऋतूप्रमाणे आहाराची मर्यादा पाळणाऱ्या समाजाला हे जड जाऊ नये.

सर्व भाजी मिळेपर्यंत भेंडी, ढोबळी मिरची, टोमॅटो, द्राक्षे यांना प्राधान्य द्यावे. बाकी भाजी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावी, शक्य तेथे साल काढावी. त्याने पृष्ठभागावरील अंश कमी होतात. पिकाच्या आत भिनलेली आंतरप्रवाही औषधे मात्र धुऊन जात नाहीत.

डब्यातील किड्यांचे काय?

आता सासूबाईंच्या प्रश्नाकडे. विषाची धुरी न दिलेल्या धान्यात किडे लवकर होतात, हे खरेच आहे. त्यावर उपाय म्हणून काही जण घरातच धुरीच्या गोळ्या ठेवतात. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या या गोळ्यांतून हवेतील ओलाव्याने फॉस्फिन वायू सुटतो आणि बंद घरात त्याने माणसे दगावल्याच्या घटना घडल्या आहेत. निवासी घरात त्या कदापि आणू नयेत.

खरा उपाय जीव पडण्याआधीचा आहे. वर्षाची भरणी सोडून महिन्या-दीड महिन्याचेच धान्य घ्यावे. आणल्याबरोबर निवडून कडक ऊन द्यावे, पूर्ण गार झाल्यावर कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे. गहू आणि तूरडाळीला एरंडेल तेलाचा हलका हात द्यावा. धान्यात सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला वा बिब्बे ठेवावेत. पावसाळ्यात डबा आठ दिवसांनी एकदा पाहावा. तरीही किडे झाल्यास ते धान्य उन्हात टाकू नये. हलक्या हाताने चाळून ते जीव मूठभर धान्यासह सावलीच्या, कोरड्या जागी सोडावेत. दिगंबर परंपरेत पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन, उन्हाळ्यात पाच आणि हिवाळ्यात सात दिवस मानली जाते. थोडे आणावे, ताजे वापरावे, ही त्यामागची दृष्टी धान्यालाही लावली की हा प्रश्न बराचसा सुटतो.

लेबल वाचावे आणि प्रश्न विचारावेत

‘गावरान’, ‘नैसर्गिक’, ‘विनापॉलिश’ हे शब्द सेंद्रियतेचा पुरावा नव्हेत. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१७ च्या नियमांनुसार सेंद्रिय म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकिटबंद अन्नाला मान्य प्रमाणीकरण लागते आणि त्यावर ‘जैविक भारत’ हे चिन्ह असते. शेतकऱ्यांच्या गटांनी परस्परांची शेते तपासून प्रमाणित करण्याची पीजीएस ही पद्धतही मान्य आहे. त्यात संक्रमणकाळातील मालाला ‘पीजीएस ग्रीन’ असे वेगळे नाव आहे. ग्राहकाला थेट माल विकणाऱ्या लहान शेतकऱ्याला प्रमाणपत्राची सवलत असल्याने तेथे विश्वास हाच आधार असतो. वर्षातून एकदा मुलांना घेऊन त्याच्या शेतावर जावे.

जैन कुटुंबाने तेथे आणखी एक प्रश्न विचारायला हवा. सेंद्रिय म्हणजे अहिंसक असे गृहीत धरता येत नाही. सेंद्रिय शेतीच्या नियमांत हाडांचा चुरा, रक्ताची भुकटी, मासळीचे खत यांना काही अटींवर परवानगी आहे. शेणखत, गांडूळखत, हिरवळीचे खत, पेंड किंवा जीवामृत यांवर शेती करणारा शेतकरी निवडावा आणि तसे त्याला स्पष्ट सांगावे. मागणी करणारा ग्राहक असेल तर शेतकरी आनंदाने तसे पिकवतो.

पेढीवरची कसोटी

समाजात धान्याच्या पेढ्या आहेत, डाळमिल आहेत, खते-औषधांची दुकाने आहेत. सांगली-कोल्हापूरकडे पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारी जैन कुटुंबेही आहेत. पिकवणारा, साठवणारा आणि खाणारा असे तिघेही एकाच समाजात असण्याचा हा योग दुर्मीळ आहे.

धान्याच्या व्यापाऱ्याने संक्रमणकाळातील दोन-चार शेतकऱ्यांचा माल आधी ठरलेल्या, थोड्या चढ्या भावाने घेतला तर त्यांची सर्वांत कठीण दोन वर्षे निभावून जातात. असा माल वेगळ्या थप्पीत, धुरीविना ठेवावा आणि ‘संक्रमणातील’ असे सांगूनच विकावा. साध्या मालाला सेंद्रिय म्हणून विकण्याचा मोह मोठा असतो; अचौर्य व्रताच्या अतिचारांत त्याला ‘प्रतिरूपक व्यवहार’ असे नाव फार पूर्वीच दिलेले आहे. खते-औषधांच्या दुकानदाराला उद्या दुकान बंद करता येत नाही. पण निंबोळी अर्क, रायझोबियम, ट्रायकोडर्मा यांना फळीवर पुढची जागा देणे, आणि औषध मागायला आलेल्या शेतकऱ्याला फवारणीची खरोखर गरज आहे का, हे विचारणे त्याच्या हाती आहे. विक्री थोडी घटेल, हे खरे. कर्मादानांचा विचार करताना काही लाभ सोडावा लागेल, हे पूर्वजांनीही गृहीतच धरले होते.

एका वर्षाने फळीवरचे डबे मोजून पाहावेत. सातआठ डबे बदललेले असतील, काही राहिलेले असतील. राहिलेल्यांची खंत बाळगू नये. येत्या चातुर्मासात एखादी वस्तू सोडण्याचा नियम घेताना, त्याच्या जोडीला एक डबा बदलण्याचाही नियम घ्यावा.