काचपेटीतील शेजारी

घरातील काचपेटीत रंगीत मासे रुळले की हौस वाढते. माशांबरोबर एखादा बेडूकही पोहताना दिसावा, असे वाटू लागते. शोभेच्या माशांच्या दुकानांत मिळणारे इवलेसे बेडूक सारखेच निरुपद्रवी भासतात. येथेच फसगत होते. दिसायला सारखे असणारे हे दोन निराळे प्राणी असतात आणि त्यांपैकी एक मोठा झाल्यावर शेजारचे मासेच गिळू लागतो.

पहिला आफ्रिकी बुटका बेडूक. तो पूर्ण वाढला तरी साडेतीन-चार सेंटिमीटरांचाच राहतो. दुसरा आफ्रिकी नखधारी बेडूक. याची मादी दहा-बारा सेंटिमीटर वाढते, पंधरा वर्षांहून अधिक जगू शकते आणि तोंडात मावेल ते गिळते. पिल्लांतील फरक पुढच्या पायांवरून कळतो. बुटक्याच्या चारही पायांच्या बोटांमध्ये पातळ पडदा असतो. नखधारीच्या पुढच्या पायांची बोटे मोकळी असतात. बुटक्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, तर नखधारीचे वर वळलेले. पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा बेडूक दिसल्यास तो बहुधा नखधारीच समजावा.

या नखधारी बेडकाने माणसाची एक विलक्षण सेवाही केली आहे. १९३० च्या दशकापासून सुमारे तीस वर्षे अनेक देशांत गर्भधारणेची चाचणी त्याच्या मादीवर होत असे. स्त्रीच्या लघवीचा अंश टोचल्यावर मादीने काही तासांत अंडी घातली, तर दिवस गेले असे ठरे. पुढे माणसाच्या हातून सुटलेले हे बेडूक अमेरिका, चिली, फ्रान्स अशा देशांतील ओढ्या-तळ्यांत स्थायिक झाले आणि तेथील जीवांना जाचक ठरले. म्हणून नकोसा झालेला बेडूक नाल्यात किंवा यमुनेत सोडणे ही दया नव्हे. तो दुकानदारास परत द्यावा.

माशांच्या सोबतीला बुटका बेडूकच योग्य. पण त्यालाही शेजारी निवडून द्यावे लागतात. त्याची नजर अधू असते. तो वासावर, चाचपडत अन्न शोधतो. तोवर चपळ मासे सारे फस्त करतात आणि भरल्या पेटीत बेडूक उपाशी राहतो. यासाठी गप्पी, निऑन टेट्रा असे लहान, शांत मासे ठेवावेत आणि बेडकाच्या तोंडाजवळ चिमट्याने लाल अळ्या सोडाव्यात. शेपट्या-पाय कुरतडणारे बार्ब मासे अजिबात नकोत.

दिल्लीचे हवामान ही आणखी एक कसोटी. बुटक्याला सुमारे २४ ते २६ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी मानवते. दिल्लीच्या जानेवारीत त्यासाठी पेटीत हीटर लागतो. मे-जूनमध्ये पेटी उन्हापासून दूर ठेवावी लागते. मेक्सिकोच्या ॲक्सोलॉटल या उभयचराला तर १६ ते १८ अंशांचे गार पाणी हवे. वातानुकूलनावाचून दिल्लीचा उन्हाळा त्याला सोसणार नाही, शिवाय लहान मासे तो खातो. अशा मिश्र पेटीत त्याला स्थान नाही.

उभयचरांची त्वचा पाणी शोषते, त्यामुळे नळाचे क्लोरीनयुक्त पाणी औषध घालून निर्दोष केल्याशिवाय वापरू नये. पेटीवर झाकण हवेच, कारण बेडूक उडी मारून बाहेर पडतो आणि कोरड्या फरशीवर लवकरच मरतो. झाकण व पाणी यांत मात्र थोडी मोकळी जागा असावी. श्वास घेण्यासाठी त्याला वारंवार वर यावे लागते.