दोन डोंगरांच्या मधे

पहाटे पाच

वडनेर भोलजीत या वेळीही महामार्गावर ट्रकची रांग असते. सासूबाई डबा हातात देतात. त्यात ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा आणि मार्गशीर्ष चालू असल्यानं तुरीच्या सोल्यांची भाजी. "उजाडल्याबिगर नाल्यात उतरू नको," हे त्यांचं रोजचं सांगणं. त्यांच्या माहेरच्या गावात अस्वलानं जखमी केलेली माणसं त्यांनी पाहिली आहेत, त्यामुळे ते मी मनापासून ऐकते.

मी वन विभागात वन्यजीव जीवशास्त्रज्ञ आहे. काम ज्ञानगंगा अभयारण्याचं आणि घर वडनेरात. अभयारण्याला लागून राहायला जा, असं बरेच जण सुचवतात. मी त्यांच्यापुढे नकाशा ठेवते. उत्तरेला सातपुडा, त्यात मेळघाटला लागून असलेलं अंबाबरवा अभयारण्य. दक्षिणेला अजिंठ्याची रांग, तिच्या उतारावर ज्ञानगंगा. दोन्ही अभयारण्यं १९९७ सालची. मधे आमचा घाटाखालचा पट्टा, म्हणजे पूर्णेचं काळ्या मातीचं खोरं. त्यात कपाशी, तूर, मका, मुंबई-हावडा रेल्वेमार्ग आणि हा महामार्ग. एका डोंगरातला प्राणी दुसऱ्या डोंगरात जायचा तर तो या पट्ट्यातून, आमच्या बांधांवरूनच जाणार. ज्ञानगंगेचं क्षेत्र २०५ चौरस किलोमीटर. मोठ्या नर वाघाच्या वावराच्या मानानं हे फार नाही. तेवढ्यात त्याची पिढी वाढत नाही. म्हणून अभयारण्याच्या हद्दीच्या आत जेवढं काम आहे तेवढंच, माझ्या मते जास्तच, हद्दीच्या बाहेर आहे.

साडेपाचला मोताळ्याच्या दिशेनं वळलं की महामार्ग सुटतो.

सकाळी सात

पलढग धरणाच्या वरच्या अंगाला, एका नाल्याच्या तोंडाशी वनरक्षक आणि वनमजूर माझ्या आधी पोचलेले असतात. पलढग विश्वगंगेवर आहे आणि हीच विश्वगंगा पुढे आमच्या वडनेरवरून पूर्णेला जाते. जंगलाला आणि माझ्या गावाला जोडणारी ही एक रेघ अजून शाबूत आहे.

"मॅडम, रातीच गेलं हाये," वनमजूर काठीनं दाखवतो. ओल्या रेतीत पुढच्या पंजाचा ठसा. पाच बोटं जवळजवळ एका ओळीत आणि बोटांपासून बरंच पुढे नखांचे खड्डे. वाघ-बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतात, अस्वलाला ते जमत नाही. मागच्या पायाचा ठसा मात्र अनवाणी माणसाच्या पावलाशी इतका मिळतो की नवखा माणूस फसतो.

थोडं पुढे विष्ठा. खाली बसून काडीनं उकलून बघायचं. आज तीत बोरांच्या आठळ्या भरपूर, अख्ख्या आणि गुळगुळीत. त्यांच्यामधे मुंग्यांची बारीक काळी डोकी, थोडी माती, आणि एका कडेला मक्याच्या दाण्यांची पिवळी सालं. बोरं जंगलातली, मुंग्याही जंगलातल्या. मका मात्र खाली वावरातला, कणसांच्या ढिगावरचा. रात्रीतून हे अस्वल हद्द ओलांडून गेलं आणि परत आलं, एवढी बातमी त्या सालांत आहे. कागदी पाकिटात नमुना घेते आणि वर तारीख, जागेचे अक्षांश-रेखांश, जवळचं झाड लिहिते. झाड अंजन. आमच्या बुलढाण्याच्या डोंगरांत अंजन खूप.

अस्वलाबद्दल लोकांच्या मनात भीती आहे आणि ती खोटी नाही. पण तो वाळवी आणि फळं खाणारा प्राणी आहे. वाळवी ओढून घेता यावी म्हणून त्याच्या वरच्या जबड्यात मधले दोन दात नसतातच. नजर कमजोर, वास घ्यायची ताकद मोठी. वारा उलटा असला, त्याचं तोंड वारुळात असलं आणि माणूस दहा पावलांवर अचानक उभा राहिला, की ते घाबरून अंगावर येतं. डिसेंबर-जानेवारीत मादी कपारीत पिलं घालते, म्हणून या दोन महिन्यांत कपारींच्या बाजूला आम्हीही फिरकत नाही. आययूसीएनच्या लाल यादीत अस्वल धोक्यातल्या प्राण्यांत आहे आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाइतकंच संरक्षण त्याला आहे. वाघासाठी गर्दी करणारी माणसं अस्वलासाठी मात्र येत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

नाल्याच्या पायवाटेवर समोरासमोर दोन कॅमेरे गुडघ्याच्या उंचीला बांधलेले आहेत. दोन अशासाठी, की वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे पट्टे वेगवेगळे असतात, बिबट्याचे ठिपकेही तसेच. एकाच बाजूचा फोटो मिळाला तर तोच प्राणी दोनदा मोजला जाण्याची भीती. समोरचं गवत कापतो, नाहीतर ते वाऱ्यानं हललं की रात्रभर गवताचेच फोटो. कार्ड बदलायचं, बॅटरी बघायची, पुढच्या जागेला जायचं.

याच डोंगरात डिसेंबर २०१९ च्या सुरुवातीला एक वाघ आला होता. त्या वर्षी फेब्रुवारीत यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यात भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याला रेडिओ कॉलर लावली. कागदावरचं नाव टी१सी१. जूनच्या अखेरीस तो घर सोडून निघाला, तेलंगणातल्या आदिलाबादपर्यंत गेला, मराठवाड्याच्या कडेनं फिरत वऱ्हाडात शिरला आणि ज्ञानगंगेत येऊन पोचला. तोवर १,३०० किलोमीटरहून जास्त चाल झाली होती. कॉलर निघेपर्यंत हा आकडा ३,००० वर गेला आणि लोक त्याला 'वॉकर' म्हणू लागले. त्याच्या ५,००० हून अधिक जागा नोंदल्या गेल्या. तो रात्री चालला, शेतांतून, ओढ्या-नाल्यांच्या काठानं, आणि दिवसा आडोसा धरून पडून राहिला. एवढ्या वाटेत माणसाला इजा झाल्याची एकच घटना घडली, तीही तो विसावलेल्या झुडपात माणसं शिरली म्हणून.

ज्ञानगंगेत तेव्हा दुसरा वाघ नव्हता. त्याच्यासाठी मादी आणून सोडावी का, यावर खात्यात विचार झाला. त्याला आक्षेपही होता. जंगल लहान, भोवती शेती, बछडे वाढले तर जातील कुठे? मला तो आक्षेप पूर्ण पटतो. आधी वाट हवी, मग मादी. वाट राहिली तर जोडीदार शोधायला तो चालत जाईल किंवा ती चालत येईल. डिसेंबर २०२४ मध्ये टिपेश्वरचाच आणखी एक वाघ थेट धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग घाटात दिसला. म्हणजे चालायची त्यांची तयारी अजून आहे.

सकाळी अकरा

घाटाच्या पायथ्याचं एक वावर. गावाचं नाव लिहीत नाही, कारण गोष्ट तारेची आहे. बांधाच्या कडेनं, वीतभर उंचीवर, लाकडी खुंट्यांना गुंडाळलेली उघडी तार, आणि तिचं टोक विजेच्या खांबाकडे.

"आजोबा, ही रात्री सोडता?"

"पोरी, तुले खोटं काहून सांगू? रोह्यानं अर्धी तूर खाल्ली. डुकरानं हरभरा उकरला. तार नाही लावू त काय करू?"

वनरक्षक माझ्याकडे बघतो. कायद्यानं हा गुन्हा आहे हे आजोबांनाही माहीत आहे. अशी तार वाघ, बिबट, अस्वल, शेजारचा बैल आणि अंधारात पाणी द्यायला आलेला शेजारी, यांच्यात फरक करत नाही. मी तेच सांगते, आणि शेजाऱ्याचं नाव घेऊन सांगते. मग झटका मशीनचं बोलणं. सौर कुंपणाच्या तारेतून वीज थांबून थांबून येते, जनावर दचकून मागे फिरतं, मरत नाही. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून त्याला अनुदान मिळतं. अर्ज वनरक्षकाच्या पिशवीतच असतो, तो तिथंच भरून घेतो. तुरीच्या नुकसानीचा अर्जही लगेच. आजोबा स्वतःच्या हातानं खुंट्या उपटतात.

आमच्या लेखी हा दिवसातला सगळ्यात मोठा विजय असतो, पण तो कुठल्याच तक्त्यात बसत नाही. पिकाची भरपाई जितकी लवकर हातात पडेल तितक्या कमी तारा लागतील, हे मी प्रत्येक अहवालात लिहीत आले आहे आणि लिहीत राहणार.

निघताना नाल्याच्या कडेची विहीर दिसते, कठडा नसलेली, तोंडाशी गवत माजलेलं. कोल्हा, तरस, बिबट, रोही (नीलगाय), जो नाल्यानं चालेल त्याच्यासाठी हा सापळाच. विहीर मोबाईलवर नोंदवून घेते. अशा विहिरींना कठडे बांधायला फार पैसा लागत नाही, पण यादी कोणीतरी करायला हवी.

दुपारी दीड

कार्यालय. कार्डावरचे फोटो उतरवून एकेक चाळायचे. बैल, बैल, मोर, रोही, बैल, बिबट. बिबट्याच्या कमरेवरचे ठिपके जुन्या फोटोंशी ताडून बघायचे. दर चार वर्षांनी देशभर व्याघ्रगणना होते. २०२२ च्या गणनेत देशात सरासरी ३,६८२ आणि महाराष्ट्रात ४४४ वाघ असल्याचा अंदाज आला. हे आकडे अशाच हजारो कंटाळवाण्या दुपारींतून निघतात. बुद्ध पौर्णिमेला पाणवठ्यावरच्या मचाणावर बसून होणारी मोजणी शास्त्र म्हणून तोकडी आहे, तरी मला ती हवी असते. शहरातला माणूस एक अख्खी रात्र जंगलात गप्प बसतो, हे थोडं नाही.

दुपारी साडेतीन

नांदुऱ्याला पशुवैद्यकीय औषधांच्या दुकानात थांबते. गिधाडं डोळ्यांदेखत संपली, ती गुरांच्या एका वेदनाशामकानं. डायक्लोफेनॅक दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक पंधरा वर्षांत गेली. भारतानं २००६ मध्ये गुरांसाठी डायक्लोफेनॅक बंद केलं, २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकही. मेलॉक्सिकॅम गिधाडांना चालतं. दुकानदाराशी आता ओळख झाली आहे. माणसांसाठीचं इंजेक्शन गुरांना टोचायला कोणी मागितलं तर तो मेलॉक्सिकॅम पुढे करतो. अभयारण्याची हद्द औषधाला कळत नाही, म्हणून नांदुऱ्याचं दुकानही माझ्या कामाच्या नकाशावर आहे.

संध्याकाळी पाच

परत वडनेर. विश्वगंगेच्या पुलाखाली उतरते. वर महामार्ग, राष्ट्रीय महामार्ग ५३, जुन्या लोकांच्या तोंडी अजून सहा नंबरच. खाली रेती. रेती हीच माझी वही. कोल्ह्याचे ठसे, मुंगसाचे, रानमांजराचे, रानडुकरांच्या खुरांची गर्दी. वरून वाहनं धावतात आणि खालून जनावरं जातात. एवढी साधी सोय कुठे राहिली आहे हे शोधत मी या रस्त्यावरचे पूल आणि मोऱ्या बघत असते. पेंचमधून जाणाऱ्या महामार्ग ४४ वर प्राण्यांसाठी खास नऊ मार्ग बांधले आणि वाघांसकट अनेक प्राणी त्यांखालून ये-जा करू लागले. आमच्याकडे तेवढा खर्च होईल की नाही हे माझ्या हातात नाही. आहे तो पूल मोकळा ठेवणं हातात आहे.

पण पुलाखाली कचरा पडतो. लग्नाच्या पत्रावळी, कोंबड्यांची पिसं. त्यावर कुत्री जमतात, आणि कुत्री असली की कोल्हा रस्त्यावरून जातो आणि चिरडला जातो. मी ग्रामपंचायतीत हे फोटोंसकट मांडलं. शाळेतल्या मुलांना पुलाखाली आणून ठसे दाखवले. एका मुलीनं उदमांजराचा ठसा माझ्या आधी ओळखला. आता पुलाखाली कोणी गोणी टाकली तर तिचा बाप मला फोन करतो.

रात्री साडेनऊ

जेवण उरकून नोंदी लिहीत असते तेव्हा फोन. हरभऱ्याला पाणी देणारा एक शेतकरी. या आठवड्यात त्यांच्याकडे शेतीची थ्री फेज वीज रात्रीची आहे.

"ताई, नाल्यापाशी काहीतरी फुसफुसते."

"एकटे आहात का?"

"पोरगा हाये संगं."

"मोटर राहू द्या चालू. टॉर्च लावा, मोठ्यानं बोलत बोलत बांधानं मागे या. नाल्याच्या बाजूनं जाऊ नका, दगड मारू नका."

वनरक्षकाला लावते. तो जवळच्याच गावात राहतो, मोटारसायकल काढतो. सव्वादहाला त्याचा निरोप येतो. बापलेक घरी पोचले, अस्वल नाल्यानं वर गेलं, हरभऱ्याचा एक वाफा तुडवला गेला, बाकी काही नाही.

घाटाखाली डिसेंबरात माणूस आणि अस्वल समोरासमोर येतात त्याचं मोठं कारण ही रात्रीची वीज आहे. जिथे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचं काम पूर्ण झालं, तिथे पाणी दिवसा देता येतं आणि रात्री वावर रिकामं राहतं. नाल्याला लागून जाणारे फीडर आधी दिवसा करा, अशी मागणी मी लिहायला घेतली आहे. त्या शेतकऱ्याचा फीडर कोणता हे सकाळी वायरमनला विचारून त्या यादीत घालायचं, मग तुडवलेल्या वाफ्याचा पंचनामा, मग पलढग.