मजल्यामजल्यावर वाय-फाय

२०११ साली मंजूर झालेल्या व आज भारतनेट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या योजनेने ग्रामपंचायतीपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याचे काम हाती घेतले. तेथून प्रत्येक खोलीपर्यंतची व्यवस्था मात्र आपणांसच करावयाची असते.

जळगाव व धुळे जिल्ह्यांतील जुन्या धाब्याच्या घरांच्या भिंती जाड मातीच्या, तर नव्या दुमजली इमारतींची छते लोखंडी सळयांच्या काँक्रीटची. वाय-फायच्या लहरी दोन्ही ठिकाणी क्षीण होतात. तळमजल्यावर राउटर उत्तम चालत असूनही वरच्या वर्गातील पाठ अडतो, तो यामुळेच. केवळ अधिक शक्तीचा राउटर घेऊन भागत नाही. मोबाइलची दुर्बळ लहरही त्याच्यापर्यंत परत पोचावी लागते.

मेश पद्धतीत दोन-तीन यंत्रे एकाच नावाचे जाळे निर्माण करून संदेश परस्परांकडे पोचवितात. दुसरे यंत्र लहर न पोचणाऱ्या खोलीत ठेवू नये. ती अद्याप चांगली मिळते अशा, जिन्याजवळच्या मोकळ्या जागी ठेवावे. लोखंडी कपाट व पत्रा यांपासून ते दूर असावे. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतीपलीकडे अधिक जाते. ५ गिगाहर्ट्झची वेगवान, परंतु लवकर क्षीण होणारी असते. एकाच लहरपट्ट्यावर संदेश घेऊन पुढे पाठविताना वेग जवळपास निम्मा होतो. म्हणून शक्य असल्यास दोन्ही यंत्रे केबलने जोडावीत. इमारत बांधतानाच त्यासाठी नळी घालून ठेवणे श्रेयस्कर होय.